वाचनालयात आजोबा शोधताना

वाचनालयातून नेलेलं पुस्तक पंधरा दिवसांत परत करावं लागतं. तिथले किस्से मात्र कोणी परत मागत नाही, म्हणून ते साठत जातात. माझ्याकडे दीड वर्षाचे साठलेत. सांगतो, पण आधीच कबूल करतो, बहुतेकांत मान खाली घालायची पाळी माझ्यावरच आलेली आहे.

झालं असं, की आमच्या पाटील भाऊबंदांनी वंशावळीचं पुस्तक छापायचं ठरवलं. मी कारखान्यातून नुकताच रिटायर झालेला, म्हणजे रिकामा. काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या पानावर आजोबांविषयी अभिमानानं छापता येईल असं काहीतरी हवं होतं. ते शोधायला मी शहाद्याहून एसटीनं नंदुरबारच्या मोठ्या वाचनालयात जाऊ लागलो.

पहिल्याच दिवशी संदर्भ विभागाच्या वळवी मॅडमना ऐटीत म्हणालो, "पाटलांची फाईल द्या."

कोणते पाटील, असं त्यांनी विचारलं.

"आमचे!"

त्यांनी चार कपाटं दाखवली. गॅझेटिअर, गावोगावच्या स्मरणिका, जुन्या साप्ताहिकांचे बांधलेले गठ्ठे. मग शांतपणे म्हणाल्या, "बसा. इथं येणारे सगळे 'आमचे'च शोधतात."

* * *

संदर्भ विभागाच्या टेबलावर माझ्यासारखेच आणखी दोघं भेटले. एक घनश्यामभाई, तापीकाठचे केळीवाले, पूर्वज गुजरातेतून आलेले. त्यांच्याकडे दर काही वर्षांनी वहीवंचा येतो आणि लांबलचक वहीतून घराण्याची नावं वाचून दाखवतो. भाईंनी ती सगळी उतरवून आणली होती, पण घरातली पोरं विश्वास ठेवत नव्हती. म्हणून त्यांना त्या कागदांवर वाचनालयाचा शिक्का हवा होता.

मॅडमनी कागद नीट वाचले आणि म्हणाल्या, "मारते. पण शिक्का मारला की हे घराणं वाचनालयाचं झालं. दर पंधरा दिवसांनी दाखवायला आणावं लागेल."

भाईंनी कागद झटकन पिशवीत घातले. मी मनात हसलो. पण खरं सांगायचं तर त्यांच्या मागोमाग शिक्का मारून घ्यायला माझेही कागद तयार होते.

* * *

दुसरे भिकनअण्णा, शाळेतले रिटायर क्लार्क. त्यांचे आजोबा स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले होते, हे आम्ही त्यांच्याकडून रोज ऐकायचो. एक दिवस साप्ताहिकाच्या गठ्ठ्यात मलाच ते आजोबा सापडले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, जुगारात धरलेल्या लोकांच्या यादीत, तिसरं नाव.

मी ते मोठ्यानं वाचलं. सगळी खोली हसली, सर्वांत जास्त मी. अण्णांनी चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "मना आजा जेलमा तं गयथा ना. मंग मी काय खोटं बोलनू?"

पुढचे आठ दिवस ते आले नाहीत. नंतर आले तेव्हा माझ्यासाठी शेव घेऊन आले.

* * *

एव्हाना माझा वंशावळीचा तक्ता चांगला लांबरुंद झाला होता. मॅडमना दाखवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "आजीचं नाव?"

मी तिथूनच खापर गावातल्या मोठ्या बहिणीला, बेबीताईला, फोन लावला. तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, सात पिढ्या शोधी ऱ्हायना ना तू? तिना हातनी भाकर खाईसन मोठा व्हयना, आन् तिनं नाव आज इचारस?"

फोन स्पीकरवर होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

* * *

हा किस्सा मी घरीसुद्धा सांगितलेला नाही. एकदा खुशीत येऊन मॅडमना म्हणालो, "तुम्ही आदिवासी असून मराठी किती शुद्ध बोलता हो!"

त्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचंही आता बरंच सुधारलंय."

घरी अहिराणी बोलणारा माणूस मी. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी 'शे' काढून 'आहे' घालायला माझ्यावर किती छड्या मोडल्या, ते मलाच ठाऊक. तरी जीभ घसरलीच. आजही आठवलं की कान गरम होतात.

* * *

आणि मग एक दिवस मॅडम एक जुना गठ्ठा घेऊन आल्या. पानात कागदाची पट्टी ठेवलेली होती. "तुमचे आजोबा सापडले," म्हणाल्या.

मी जवळजवळ उडालोच. आजोबांचं पूर्ण नाव, गावाचं नाव, स्वच्छ छापलेलं! भाई आणि अण्णा खुर्च्या ओढून जवळ आले. वर ठळक अक्षरांत 'जाहीर नोटीस' होतं. आमच्या गावातलं नाल्याकाठचं जात्र्या वळवी यांचं शेत माझे आजोबा खरेदी करत आहेत. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी, नंतर काही चालणार नाही.

ते शेत आमच्या घरातलं सर्वांत चांगलं. त्याच्यावर मी शिकलो. आजोबांनी स्वतः जंगल तोडून ते केलं, असं आम्हाला सांगितलेलं, आणि तेच पहिल्या पानावर छापायला मी लिहून आणलं होतं. भाई आणि अण्णांनी खुर्च्या मागे ओढल्या. मला वळवी मॅडमकडे बघवेना. दीड वर्ष त्यांच्यासमोर बसलो, पण त्यांचं मूळ गाव कोणतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

लाज वाटत होती, तरी तोंडातून काय निघालं ऐका. म्हणालो, "मॅडम, आजोबांच्या नावापुरतीच झेरॉक्स द्या. खालचा भाग झाकला तरी चालेल."

त्यांनी कोरा कागद लावून खालचा भाग झाकला आणि एक प्रत काढली. माझ्या हातात दिली. मग कोरा कागद बाजूला केला आणि पूर्ण पानाची दुसरी काढली.

मी म्हणालो, "मला एकच पुरे."

"ही आमच्या घरी न्यायची," त्या म्हणाल्या. "नोटीस छापली तेव्हा आमच्यात कोणाला वाचता येत नव्हतं."