काकाचा बेंजो कुठल्या डब्यात?

केबल मी घरी विसरले. सगळं तिथूनच सुरू झालं, म्हणून आधी तेच सांगते.

आमची बेंजो पार्टी आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर वाजवत जाते ना, ती. ढोलकी, ताशे, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि सगळ्यांच्या पुढे बेंजो. बेंजो म्हणजे तारा लावलेली लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. छेडायला काका जुन्या एटीएम कार्डातून कापलेला तुकडा वापरतो. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. पार्टी सुरू झाली तेव्हापासून बेंजो त्याचाच. कीबोर्डवर मी.

प्रॅक्टिस चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, काका कामाला आहे त्या गाळ्यात. रविवारी आजूबाजूची सगळी शटरं खाली असतात, कितीही बडवा, कोणी ओरडत नाही.

मे महिन्यात बोरिवलीच्या एका मोठ्या मंडळाने आमच्याकडे रेकॉर्डिंग मागितलं. ऐकून ठरवणार, बुधवार संध्याकाळपर्यंत पाठवा. आमचा लीडर ऑक्टोपॅड वाजवतो, सगळे त्याला दादा म्हणतात. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मागच्या वर्षी बेंजो कोणाला ऐकूच आला नव्हता. या रेकॉर्डिंगमध्ये पण नाही आला ना, तर यंदा पुढे कीबोर्ड. बेंजोचा टोन त्याच्यात पण आहे."

काका तार पिळत होता. पिळतच राहिला.

म्हणजे बघा, काकाची जागा कोण घेणार होतं? मी! आणि रेकॉर्डिंग कोण करणार होतं? तेही मीच! अंधेरीत एका डबिंग स्टुडिओत साउंडचं काम शिकते, म्हणून मोठ्या तोंडाने म्हटलं होतं, "टेन्शन नको, मी करते."

बेंजोला केबल लावून त्याचा आवाज वेगळा घ्यायचा, हा प्लॅन. केबल घरी. मग एकच छोटा रेकॉर्डर स्टुलावर ठेवला. आणि स्टूल कुठे? ताशाच्या शेजारी. शहाणी मी!

घरी येऊन ऐकलं तर ताशा, ताशा, ताशा, आणि मागे कुठेतरी, शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा, बेंजो. वाट लागली. परत करावं तर दोघे ताशेवाले सोमवारीच गावी गेलेले, घराची कौलं परतायला.

पण मला एआयची हौस आहे यार! एका गाण्यातून आवाज वेगवेगळे काढून देणारी टूल्स हल्ली ढिगाने मिळतात. मी तीन निवडली.

पहिलं फुकटचं. रेकॉर्डिंग टाकलं की चार डबे करून देतं: गाणाऱ्याचा आवाज, ड्रम, बेस आणि उरलेलं सगळं. मी बेंजो "उरलेल्या"त शोधला. तिथे नुसती खरखर. गाणाऱ्याच्या डब्यात काहीतरी वाजत होतं, मध्येच दादाची शिट्टी ऐकली आणि बंदच केलं. अरे, आमच्यात गाणाराच नाही, तर हा डबा भरला कशाने? टूल येडं आहे म्हणून सोडून दिलं.

दुसरं भारीतलं, ट्रायलवर घेतलं. त्याने खरंच बेंजो काढला, पण साफ करून. तारांची ती झणझण असते ना, जिच्यावर लोक नाचतात, ती त्याला घाण वाटली. पुसून टाकली. उरलं ते लहान मुलांच्या खेळण्यातल्या पियानोसारखं. गोड, पण पाय हलेना.

तिसऱ्यात तर नुसतं लिहायचं, ते नवीनच बनवून देतं. मी लिहिलं: मुंबईच्या गणपतीतला बेंजो. त्याने सतार दिली, मागे बासरी. हे मी काकाला फोनवर ऐकवलं. तो मालवणीत म्हणाला, "ह्यो खंयचो गणपती गो?"

मंगळवारी दुपारी मी हरले. कीबोर्ड काढला, बेंजोचा टोन लावला आणि काकाची अख्खी चाल स्वतः वाजवून ताशावर बसवली. पंधरा मिनिटांचं काम. दादाला पाठवलं. लगेच उत्तर, "झकास! हेच पाठव."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दोन मिनिटं झाला. मग तार पिळत बसलेला काका आठवला.

संध्याकाळी काका ड्युटीवरून थेट आमच्याकडे आला. चहा घेतला, हेडफोन लावला, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं बसलंय," तो म्हणाला. मग हेडफोन काढत, "पण हा मी नाही ना?"

"नाही काका. मी आहे."

"हां. मी इतका सरळ वाजवत नाही."

रागावला असता तर बरं झालं असतं. तो हेडफोनची वायर नीट गुंडाळत बसला. मला ते बघवेना, म्हणून भराभर बोलत सुटले, काय काय करून बघितलं ते सगळं दाखवायला लागले. दाखवता दाखवता पहिल्या टूलचा गाणाऱ्याचा डबा लावला, फक्त हसवायला. "हे बघ, हे तर इतकं येडं आहे..."

आणि बेंजो आला. पूर्ण! झणझणीसकट! ताशा गायब, ढोलकी गायब. दादाची शिट्टी सोडली तर नुसता काका.

मी आधी दहा सेकंदांत बंद केलं होतं हे.

"हा कुठला डबा?" काकाने विचारलं.

"गाणाऱ्याचा."

"गातंय कोण?"

"कोणीच नाही. तू वाजवतोयस. त्याला वाटलं, माणूस गातोय."

काका पुढे सरकला. "मशीनला वाटलं?"

"हो ना!"

"मला ज्यांनी शिकवलं ते तुझ्या आजोबांच्या मिलमधले होते, साच्यावर कापड विणायचे. माझ्या बोटांवर पट्टी मारायचे आणि म्हणायचे, बटणं काय दाबतोस रे, गा! बेंजो गायला पाहिजे." तो हसायला लागला. "गेले बिचारे. माझा गातो हे त्यांना कधी पटलं नाही."

मग मला म्हणाला, "परत लाव." चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा म्हणाला, "इथे मी घाईत आलोय, ते झाक."

"नाही झाकणार. तिथेच तर मजा आहे."

"आगाव झालीस."

बुधवारी सकाळी मी शिट्ट्या हाताने एकेक करून कापल्या, काकाचा बेंजो पुढे आणला, ताशा मागे सारला. माझी स्वतःची चाल काढून टाकली. दादाला दोन फाइल्स पाठवल्या, आधी नुसता बेंजो, मग सगळं एकत्र.

त्याचा फोन आला. "हे कुठून काढलंस?"

"आपल्याच रेकॉर्डिंगमधून. रविवारचंच आहे."

"मी बाजूलाच होतो की. मला नाही ऐकू आलं."

"तू शिट्ट्या मारत होतास, दादा."

तो हसला नाही. म्हणाला, "ट्रॉलीवर कीबोर्ड मागच्या बाजूला लावू."

"म्हणजे मी मागे?"

"तू मागे. आणि बेंजोला या वर्षी वेगळा स्पीकर."

मागे जायला सांगितल्यावर इतकी खूश झालेली मुलगी अख्ख्या पार्टीत मी एकटीच असेन.

मंडळाला काकाचीच फाइल गेली, उत्तर अजून आलेलं नाही. ऐकतोय म्हणाले. पण कालच्या रविवारी मी केबल नेली, बॅगेत आदल्या दिवशीच टाकून ठेवली होती. रेकॉर्डरचं स्टूलसुद्धा थेट काकाच्या पुढ्यात ठेवलं.

काकाने ते पायाने सरकवून ताशाकडे ढकललं.

"असू दे तिकडे," तो म्हणाला. "गाणारा सापडतो."