भोंगा वाजला की दिवे घालवायचे

ठाण्याहून निघालो त्या दिवशी आई विमानतळावरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटली होती. प्रस्थान. पिण्याचे पाणी. धूम्रपान करू नये. नगरपालिकेच्या शाळेत जन्मभर मास्तरीण होती, अक्षर दिसलं की तिचं तोंड गप्प राहायचं नाही. पोचवायला आलेल्या शेजारणी डोळे पुसत विचारत होत्या, "रिबेकाबाई, आता आमचे फॉर्म कोण भरणार?" रेशनकार्ड असो की पोरांचे दाखले, सगळं आमच्या ओट्यावर यायचं. आई म्हणाली, "पत्रातून विचारा. मी सांगेन." नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. मी तिशीची, ती साठीला टेकलेली.

तुम्हां मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांना हे लिहितेय, कारण माझा राग अजून गेलेला नाही. तो जायलाही नकोय मला.

आपल्या ज्यूंच्या देशात आलो, अश्केलोन गावात राहिलो आणि माझी शिकलेली आई अडाणी झाली. हिब्रूच्या वर्गात तिला बसवलं, तर बाकी सगळे रशियातून आलेले. काही अडलं की बाई रशियनमधून समजावायची. महिन्याभरानं आई पाटी-पुस्तक गुंडाळून घरी आली. "बाय, दोन्हीकडून राहिले गं मी," म्हणाली. मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी गाझाच्या हद्दीकडून रॉकेटं आमच्या गावापर्यंत यायला लागली. सरहद्दीजवळ राहणाऱ्यांसाठी म्हणून सरकारचा कागद घरोघर आला. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला रशियन. मी तो फ्रिजवर चिकटवला. आईनं विचारलं, "काय लिहिलंय गं?" मी पॅकिंगच्या शिफ्टवरून आलेली, पाय सुजलेले. म्हटलं, "उद्या सांगते." तो उद्या तीन आठवडे आलाच नाही. सरकारवर ओरडताना हे मी लपवत नाही.

मग एका संध्याकाळी भोंगा वाजला. मी कारखान्यात, आई एकटी. तिला भोंगा माहीत होता, एकाहत्तरच्या लढाईतला! तेव्हा ठाण्यात काचांना काळे कागद चिकटवून आम्ही काळोखात बसायचो. मी शाळकरी. "दिवा घालव, खिडकीपासून लांब हो," हे तिचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. तेच तिनं इथं केलं. बाहेर जिन्यात जायचं, डोक्यावर दोन मजले असतील अशा जागी भिंतीच्या आडोशाला उभं राहायचं, हे त्या कागदावर होतं. ती मात्र खोल्याखोल्यांतून दिवे घालवत फिरली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काळोखात पडली. खुबा मोडला. रॉकेट कुठे तरी लांब वाळूत पडलं. आमच्या इमारतीचा टवकाही उडाला नाही.

इस्पितळात ऑपरेशनचा फॉर्म आला. हिब्रूत. नर्स बिचारी मायेनं म्हणाली, "सव्ता, इथे नुसती फुली मार." सव्ता म्हणजे आजी. आईनं मला विचारलं, ही काय म्हणते? मी सांगितलं. वेदनेनं कळवळत होती, तरी पेन हिसकावून घेतलं आणि फुलीच्या जागी मराठीत सबंध नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तो कागद वाटणाऱ्या सरकारी कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "कागद दोन भाषांत आहे, गिवेरेत. आणखी किती छापायचे?" गिवेरेत म्हणजे बाईसाहेब. वर विचारतो, इतक्या वर्षांत तुझी आई हिब्रू का नाही शिकली? मी अस्सल ठाण्याच्या मराठीत सुरू केलं, "जळ्ळ्या मेल्या तुझ्या दोन भाषा! माझी आई तिकडे आख्ख्या आळीचे फॉर्म भरायची रे!" तो म्हणाला, कळलं नाही. म्हटलं, "आता बस तसाच."

घरी येऊन मी तो कागद मराठीत लिहून काढला, मोठ्या अक्षरांत. भोंगा वाजला की दिवे घालवू नका. अर्ध्या मिनिटात जिन्यात जा. खिडकीशी थांबू नका. आईनं तो खाटेवर पडून वाचला, मोठ्यानं, विमानतळावरच्यासारखा. म्हणाली, "पंचवीस प्रती काढ. आपल्या बायकांना वाट." मी वाटल्या. एक कचेरीच्या फळ्यावर लावली, ती कुणी तरी काढली. दुसरी लावली. तीही काढली. अजून लावते.

आईचा खुबा नीट सांधला नाही. जिन्यापर्यंत ती आता जाऊ शकत नाही, अर्ध्या मिनिटात काय, अर्ध्या तासातही नाही. म्हणजे कागद तिच्या भाषेत आला तेव्हा तिचे पाय गेलेले होते.

तुम्ही पत्रातून विचारता, तिथे घरासारखं वाटतं का गं? ऐका. भोंगा वाजतो. आई खाटेवरून भिंतीवरचा कागद वाचते आणि माझ्यावर खेकसते, "जिन्यात जा! तूच लिहिलंयस ना?" मी दिवा तसाच ठेवते, दार लोटते आणि तिच्या खाटेच्या कडेला बसते. तिचा हात धरते. ती पुन्हा ओरडते, "वाचता येत नाही का तुला?"

"नाही येत," मी म्हणते.