पिलावाली पाहुणी

काल वाशीमच्या बाजारातून भाजी घेऊन परतताना एका भोईणीच्या घमेल्यापाशी माझे पाय थबकले. घमेल्यात जेमतेम पाठ बुडेल एवढं पाणी आणि त्यात दोन मरळी. काळपट हिरवी पाठ, सापासारखं चपटं डोकं, आणि पकडली गेल्याची जराही लाज नसलेले ते डोळे. मधूनच एखादी तोंड वर काढी, हवेचा घोट घेई आणि पुन्हा खाली बसे. घमेल्यातून गाळाचा, शेवाळाचा, उन्हात तापलेल्या लव्हाळ्याचा वास येत होता. "जित्ता माल हाय, दादा. घरी जाईपरेंत जित्ता राह्यते," बाई म्हणाली. मी मान हलवून पुढे निघालो. मासे खाणं मी सोडून दिलंय, हे तिला सांगता आलं असतं. पण मग का सोडलं, तेही सांगावं लागलं असतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण पाण्याकाठी उगाच बसून राहण्यातलं सुख तुम्हालाही ठाऊक असावं असा माझा अंदाज आहे.

आमच्या गावाच्या उत्तरेला, आसेगावच्या गाडवाटेपलीकडे, दोन गावांच्या शिवेवर एक तळं आहे. तलाव म्हणायला लहान आणि डबकं म्हटलं तर त्याला राग यावा, एवढं. एका बाजूला मातीचा बांध, बांधावर बाभळी, उरलेल्या तिन्ही बाजूंना लव्हाळा आणि पाणकणसं. पलीकडच्या टेकाडावर पळस. सकाळी त्या पाण्यावर कोवळं ऊन पसरलं की वाटे, एवढ्याशा पाण्यात एवढं आभाळ मावतं तरी कसं! माझ्या तरुणपणी त्या तळ्यात मासळी म्हणजे रेलचेल होती. काठाला झिंगे आणि खवल्या, गाळात शिंगी आणि वाम, आणि लव्हाळ्याच्या सावलीत मरळ. पोरंसोरं धोतराच्या पदरात खवल्या धरीत. गळ टाकणारे मात्र मरळीसाठी येत. वाम लागली तर हरकत नाही, पण तिची बढाई कुणी मारत नसे.

मला गळ टाकायला माझ्या भाऊजींनी शिकवलं. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी. ते शेजारच्या गावचे. ताईचं लग्न झालं तेव्हा मी मिसरूड फुटलेला, घरातला एकुलता मुलगा, भाऊ नसलेला. जावई म्हणजे आमच्याकडे देवच. त्याच्यापुढे बोलायचं खाली मान घालून आणि हसायचं ते त्याने हसल्यावर. पण हा देव पहिल्याच भेटीत माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "साळेबुवा, मान दुखन ना तुही. चाल, तळ्यावर जाऊ." त्या एका वाक्यावर मी विकला गेलो. गळाला जिवंत बेडकी कशी लावावी, की ती मरू नये. दोरी पाण्यावर कशी सोडावी, की सावली पडू नये. मरळीने आमिष धरलं तरी लगेच झटका का देऊ नये, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. त्याहून अधिक म्हणजे गप्प बसायला शिकवलं. आमची दुपारच्या दुपार अशी जाई की दोघांत मिळून दहा शब्द नसत, आणि घरी येताना वाटे, केवढं बोलणं झालं.

पाण्यापाशी माशाचं नाव घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. मरळ ते ऐकते आणि बुडी मारते, असं ते म्हणत. म्हणून आम्ही मरळीला 'पाहुणी' म्हणायचो. "पाव्हनी आली काय?" "येऊन गेली." आमच्याकडे पाहुणा म्हणजे सोयरा, आणि जावई तर पाहुण्यांतला पाहुणा, तेव्हा या शब्दावर आमची थट्टा चाले. "पाव्हन्यानं पाव्हनी धरली," मी म्हणायचो, आणि भाऊजी दाढेखालची सुपारी सांभाळत हसायचे. हा शब्द आमच्या दोघांचा होता. ताईलाही तो माहीत नव्हता. लहानशा खेड्यात, जिथे कुणाच्या चुलीवर काय शिजतंय तेही वाऱ्यावर कळतं, तिथे दोन माणसांचा एक शब्द असणं ही केवढी श्रीमंती!

मग एका वर्षी पावसाने दगा दिला. माघातच तळ्याचा तळ दिसू लागला. मासळी मधल्या डबक्यात गोळा झाली, आणि दोन्ही गावांची माणसं टोपल्या, लुगडी, जे हाताला लागेल ते घेऊन तिच्यावर तुटून पडली. कुणी हिंगणबेटाची फळं कुटून पाण्यात टाकली. त्या गुंगीने पाण्यावर आलेली लहान लहान मासळीसुद्धा लोकांनी सोडली नाही. त्यांना बोल लावत नाही. घरात धान्य नव्हतं. पण तळ भेगाळून पडला तेव्हा भाऊजी त्या भेगांकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. मरळ चिखलात दडून तग धरते, असं ते म्हणाले. "एखांदी तरी राह्यली असन बघ खाली. ते निंगाली तं आपुन तिच्यावर गळ नाई टाकाचा. पिलावाली दिसली तं तिकून जाचं बी नाई. मंग पाह्य, तीन सालात तळं भरते का नाई." मी बांधावरच्या बाभळीला हात लावून हो म्हटलं. त्यांनीही हात लावला. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आम्ही दोघे अगदी गंभीर होतो.

पुढच्या वर्षी तळं भरलं. पाणी होतं, पण पाण्यात हालचाल नव्हती. बगळे यायचे, उभे राहायचे आणि कंटाळून उडून जायचे. मी मात्र गळ न घेता रोज एक फेरी मारी. पोळ्याच्या आगेमागे एके सकाळी उत्तरेच्या कोपऱ्यात, लव्हाळ्याच्या आत, मला पाण्यावर तांबूस डाग दिसला. तो हलला. जवळून पाहिलं तर पिलं! बोटाच्या पेराएवढी, कुंकवात बुडवल्यासारखी लाल, शेकड्यांनी एकमेकांना चिकटून वर येत होती, हवा घेत होती, खाली जात होती. तिथलं पाणी आधण आल्यासारखं नुसतं उकळत होतं. आणि त्या उकळीखाली दोन काळ्या सावल्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. नर आणि मादी दोघंही राखणीला. मी धावत भाऊजींच्या गावी गेलो. ते नांगराचा फाळ पाहत होते. तो टाकून तसेच माझ्याबरोबर आले. लव्हाळ्यात गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी ती पिलं पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं होतं, मी पाहिलं. म्हणून तर पुढचं समजायला इतकं जड गेलं.

त्या सुमारास एक मोठे गोरे साहेब पिकं पाहायला यायचे होते. जऊळक्याला आगगाडीतून उतरून पुढे बैलांच्या दमणीने. भाऊजींना बंदुकीचा परवाना हवा होता. रानडुकरं ज्वारी खातात, हे कारण. खरं म्हणजे भिंतीवर बंदूक लटकलेली असली की माणसाला बैठकीत वरची जागा मिळते. हे मला ठाऊक होतं. साहेबांना गळ टाकण्याचा शौक आहे, हेही सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. या दोन गोष्टींची गाठ मी मनात बांधली नाही. मी मूर्ख होतो असं नव्हे; मी भाऊजींवर विश्वास टाकला होता.

शेलूबाजारला एक म्हातारा मन्यार बसे. बांगड्यांच्या चळतींशेजारी सुया, दाभण, कंगवे आणि गळ. ताई पोळ्याला माहेरी आली होती, तिच्यासाठी बांगड्या घ्यायला मी त्याच्यापाशी टेकलो. माप सांगत होतो, तर चाचा हसत म्हणाला, "अरे बेटा, मुबारक हो. तुमची पाव्हनी तं आता साहेबाच्या दस्तरखानावर जाऊन राह्यली."

मला आधी काही कळेना. "कोन पाव्हनी, चाचा?"

"तुमचे जवाई आले व्हते ना सकाळी. सबसे मजबूत गळ द्या म्हने. मी म्हनलं, कायले? तं म्हने, आमच्या तळ्यात पाव्हनी हाय, पिलावाली. आज साहेबाले भेटोतो."

चाचाचा काय दोष? तो बिचारा आनंदाने सांगत होता. पण आमचा शब्द त्याच्या तोंडून ऐकला तेव्हा मला वाटलं, भर बाजारात कुणी तरी माझ्या अंगावरचा सदरा ओढून काढला. बांगड्या तिथेच राहिल्या. मी वाटेत धावलो किती आणि चाललो किती, ते सांगता येणार नाही.

तळ्यावर पोचलो तेव्हा उत्तरेच्या कोपऱ्यातला लव्हाळा विळ्याने साफ कापलेला होता. तिथे खुर्ची मांडून साहेब बसले होते, मागे शिपाई छत्री धरून, आणि शेजारी भाऊजी, हातात बेडकी. पहिली मरळ गवतावर पडली होती. मी साहेबांना रामराम घालायचंही विसरलो.

"भाऊजी, पिलं हायेत तिच्यापाशी."

ते माझ्याकडे न बघता गळाला बेडकी लावत राहिले. "दिसून राह्यलं मले."

"आपुन बाभईले हात लावला व्हता."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि साहेबांना म्हणाले, "हुजूर, हा माहा साळा. हे जागा यानंच तं हुडकली! लय हुशार पोट्टा हाय." साहेबांनी मान वळवून मला शाबासकी दिली. पाठीवर थाप मारली हो माझ्या! ओरडलो असतो, खुर्ची उलटवली असती, तर? तर ताईला सासरी काय ऐकावं लागलं असतं, ते मला दिसत होतं. आणि भाऊजींनाही ते दिसत होतं. माझ्या तोंडाला कुलूप आहे हे हेरूनच त्यांनी मला पुढे केलं होतं. दुसरी मरळ पळून गेली असती तर वाचली असती. पण ती पिलांना सोडून जाईना. बेडकी पिलांच्या मधोमध पडली, तशी तिने तिच्यावर झडप घातली. खाण्यासाठी नव्हे, पिलांजवळ आलेल्या वैऱ्याला हुसकण्यासाठी. भाऊजींना हे ठाऊक होतं. त्यांनीच मला ते शिकवलं होतं.

एक मरळ साहेबांबरोबर गेली, दुसरी आमच्या घरी आली. जावयाने स्वतः आणलेली मासळी म्हणून आईने हौसेने मसाला वाटला. पाट मांडले, माझा पाट भाऊजींच्या शेजारी. आई म्हणाली, "घे ना रे. जवायानं आनली हाय." जावयाने आणलेला घास नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर मारणं. मी ताटाकडे बघत बसलो. तेवढ्यात ताई वाढायला आली, तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, वाटी उचलली आणि आईला म्हणाली, "राहू दे वं, सकाळपासून पोट बिघडलं त्याचं." तिला काहीच माहीत नव्हतं. तरी तिने उचलली. भाऊजी काटे काढत जेवत राहिले.

नंतरचे काही दिवस मी त्या कोपऱ्यात दगड घेऊन बसे आणि बगळ्यांना हाकलून लावी. पण वरून येणाऱ्याला दगड मारता येतो, गाळात तग धरून राहिलेली शिंगी खालून येते, तिला काय मारणार? लाल डाग रोज लहान होत गेला. मग एके सकाळी पाणी नुसतं पाणी होतं. तळ्यात पुढे वाम आली, खवल्या आल्या, ओढ्याच्या पुराबरोबर काय काय आलं. मरळ काही आली नाही. आता तिथे गळ घेऊन जाणारे तास तास बसतात आणि हात हलवत परततात. भाऊजींना परवाना मिळाला. मी त्यांच्याशी भांडलो नाही. सणावाराला गेलो, आलो, मानाने 'भाऊजी' म्हणत राहिलो. पण पुन्हा त्यांच्या शेजारी पाण्याकाठी बसलो नाही. माझा सगळ्यात जवळचा माणूस जिवंत असून मी त्याला मुकलो होतो, आणि सुतक पाळायचीही सोय नव्हती.

मधे वर्षं गेली. साहेबलोक आपल्या देशी निघून गेले. यंदा भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. फराळ झाला, आणि भाऊजी अंगणात बाजेवर टेकून आपल्या धाकट्या लेकीला गोष्ट सांगू लागले. कोणती? तीच. "तुहा मामा अन् मी, आमी दोघायनं मिळून साहेबाले अशी मासोळी दाखोली, का साहेब पागल झाला! माह्या जिंदगीतला सबसे चांगला दिवस." मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यात लबाडी असती तर मला बरं वाटलं असतं. नव्हती. ते खरोखरच आनंदाने आठवत होते. इतकी वर्षं मी जी जखम जपली, ती त्यांच्या लेखी आमच्या मैत्रीची खूण होती.

पोर मन लावून ऐकत होती. लाल पिलं, पाण्याची उकळी, दोन सावल्या, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. ते थांबले तशी तिने विचारलं, "मंग बाबा, त्या पिलायले कोनं सांभाळलं?"

भाऊजींनी हसून माझ्याकडे बोट केलं. "मामाले इचार. त्याले ठाव असन."

तिने माझ्याकडे पाहिलं. काही तरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. भाऊबीजेचा दिवस होता. "कोनीच नाई, बेटा," मी म्हटलं. "खाल्ली दुसऱ्या मासोळ्यायनं."

ती बापाच्या बाजेवरून हळूच उतरली आणि उभी राहून त्यांच्याकडे बघू लागली. रागाने नव्हे. आपण ज्याला इतके दिवस ओळखत होतो तो हाच का, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. भाऊजींनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती गेली नाही. तेव्हा प्रथमच त्यांचा चेहरा पडला, आणि त्यांना काही तरी आठवलं असावं असं मला वाटलं. या क्षणाची मी कितीदा वाट पाहिली होती! म्हटलं होतं, एकदा यांना कळू दे, म्हणजे माझं मन हलकं होईल. पण हात तसाच पुढे करून बसलेला तो पिकल्या केसांचा माणूस पाहिला, आणि मला कसलाच आनंद झाला नाही. काळ सगळं पुसतो म्हणतात. मला तसा अनुभव नाही. तो फक्त एकाच्या मनातलं दुखणं काढून दुसऱ्याच्या मनात ठेवतो, आणि या खेपेला ते ठेवायला त्याने माझेच हात वापरले.