राधानगरीचा आठवा दरवाजा

महापुराचं पाणी आमच्या घरात शिरलं नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करते. ते आमच्या घरातून बाहेर आलं.

आमचं घर कोल्हापुरात, नदीच्या अंगाला, उताराच्या गल्लीत आहे. बैठं, स्लॅबचं, पुढं बसायला कट्टा. जुलै लागला की आमच्या गल्लीत कुणी कुणाला 'जेवला का' असं विचारत नाही. 'बंधाऱ्यावर किती फूट?' आणि 'राधानगरीचे किती उघडले?' एवढेच दोन प्रश्न. (राधानगरी धरणाला आपोआप उघडणारे सात दरवाजे आहेत. त्यांतले किती उघडले यावर आम्ही गाद्या माळ्यावर टाकायच्या का नाही ते ठरवतो.)

मागच्या महापुरात पाणी खिडकीला लागलं होतं. ओसरल्यावर आम्ही पत्र्याच्या तुकड्यांनी चिखल ओढत होतो, तेव्हा माझे दीर संभाजीभाऊजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उंबऱ्यावर आले. ते चढावरच्या फ्लॅटमध्ये पाचव्या मजल्यावर राहतात, त्यामुळे पुराबद्दल त्यांची मतं अतिशय स्पष्ट आहेत.

"वहिनी, बास झालं आता. इकूया."

"आणि आत्तींना कुठं ठेवायचं?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा सगळा दिवस कट्ट्यावर जातो. गल्लीतून कोण गेलं, कुठं गेलं, परत कधी आलं आणि एवढा वेळ काय करत होतं, हे सगळं त्यांना तिथं बसून कळतं. फ्लॅटवर गेल्या की त्या बाल्कनीतून खालच्या वॉचमनला हाका मारून त्याच्या बायकोची चौकशी करतात. दोन दिवसांत वॉचमन दडून बसायला लागतो आणि आत्तींचं जेवण कमी होतं.

शेवटी चहावर करार झाला. यंदा घरात पुराचं पाणी आलं, तर घर विकायचं. नाही आलं, तर भाऊजींनी पुन्हा विषय काढायचा नाही.

"थेंब जरी आला तरी इकायचं हं, वहिनी!"

"थेंबसुद्धा येणार नाही," मी म्हणाले. आणि कामाला लागले.

मी एका डेअरीचं स्टोअर सांभाळते. यादी केल्याशिवाय मी माहेरीसुद्धा जात नाही. पहिलं काम, दारं. मी उद्यमनगरात बाबू मिस्त्रीकडं गेले आणि पुढच्या-मागच्या दोन्ही दारांच्या चौकटीत बसतील असे कमरेएवढे अॅल्युमिनियमचे पत्रे सांगितले. कडेला रबर, आणि बाहेरून नटबोल्ट.

"पाणी अडेल ना पण, मिस्त्री?"

"पाणी? वहिनी, वास बी जाणार न्हाई आत! नाद खुळा काम करून देतो."

(त्यानं शब्द पाळला. या सगळ्या प्रकरणात शब्द पाळलेला तो एकटाच माणूस.)

पत्रे बसवून बघत होतो तेव्हा शेजारचे तानाजीकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. आमचे हे पाना धरून वाकले होते. (आमचे हे कुठल्याही कामात पाना धरतात. तो फिरवायचा कधी, ते मी सांगते.)

"काय वहिनी, घराला झाकण बसवालाय काय?"

"काका, पुढच्या वर्षी तुम्हीपण बसवाल."

"आमी कशाला बसवतोय? आमी आपलं सामान वर टाकतो आन् पाणी आलं की 'ये बाबा' म्हणतो."

दुसरं काम, गटारं. पूर दारातून येतो असं समजणारे लोक भाबडे असतात. तो आधी संडासातून येतो, मग मोरीतून, आणि आपण दाराशी वाट बघत बसलेलो असतो! म्हणून मी मोऱ्यांच्या जाळ्यांखाली रबरी बुचं ठोकली, संडासाच्या भांड्यात बूच घालून वर वाळूची पोती ठेवली. खिडक्यांची दारं लावून त्यांवर आतून प्लॅस्टिक चिकटवलं. आता आत यायला पाण्याला एकही वाट राहिली नव्हती. बाहेर जायला राहिली आहे का, हे तपासायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पाणी आतून बाहेर जाईल असं कुणाच्या डोक्यात येतं?

पाऊस लागला. गगनबावड्याकडं ढग फुटल्यासारखा पडत होता. राधानगरीचे दोन उघडले, चार उघडले, सगळे उघडले. आमचे हे गाद्या घेऊन माळ्याच्या शिडीवर चढले.

"खाली ठेवा त्या!"

"अगं, राहू दे की वर. काय खायला मागत्यात?"

"एवढे पत्रे बसवल्यावर गाद्या माळ्यावर? भाऊजींनी बघितलं तर काय म्हणतील? आपलाच आपल्या दारावर भरवसा नाही म्हणतील."

गाद्या खाली आल्या. तांदूळ खाली, पीठ खाली, बुटांचं कपाट खाली. एवढंच नाही. तेव्हा 'झाकण' म्हणणारे तानाजीकाका संध्याकाळी पोरांच्या खांद्यावर सोफा देऊन आले.

"वहिनी, म्हटलं तुमच्याकडं सुरक्षित राहील."

तो सोफा त्यांनी तीन वर्षांपूर्वी घेतला होता आणि त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं. त्यावर पाहुण्यांनाही बसायची परवानगी नव्हती. मी मोठ्या मनानं तो बैठकीत ठेवून घेतला. (मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.)

आता नळ. कोल्हापूरचा पूर हा असा प्रकार आहे की दारात नदी येते आणि नळाला थेंब नसतो, कारण नदीवरचे उपसा पंपच पाण्याखाली जातात. मग आम्ही काय करतो, तर नळ पूर्ण सोडून खाली पत्र्याची बादली ठेवतो. पाणी आलं की धार बादलीत अशी वाजते की झोपलेलं घर उठतं. नळ गेल्यापासून आमच्या मोरीत तशी बादली होतीच. मीच ठेवली होती. नळ सोडलाही मीच होता.

तेवढ्यात गल्लीत रिक्षा फिरली आणि भोंग्यावरून घरं सोडायला सांगितलं. मी घाई करत नाही. मी क्रमानं फिरले. मेन स्विच, बंद. गॅस, बंद. देवाजवळचा दिवा, शांत. मोरीत डोकावले. नळातून एक थेंब गळत नव्हता. म्हणजे बंद! मी यादीवर टिक केली, बाहेर आले, आमच्या ह्यांनी पान्यानं नट आवळले आणि आम्ही आत्तींना घेऊन भाऊजींच्या फ्लॅटवर गेलो.

तिथले दिवस मी मोजले नाहीत. आत्तींनी मात्र मोजले.

"आज समोरच्या लक्षुमीनं दूध कुणाकडनं घेतलं असंल गं?" बाल्कनीचा गज धरून त्या विचारायच्या. खाली वॉचमन खांबामागं जायचा.

भाऊजी रोज सकाळी मोबाइलवर बंधाऱ्याचे फूट बघून खुशीत यायचे. "वहिनी, आणि वाढलं बरं का! भजी करायची?"

आणि मग पाणी थांबलं. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे, तिथपर्यंत आलं, एक दिवस तिथं उभं राहिलं आणि आल्या वाटेनं परत गेलं! आमच्या घरापर्यंत पोचलंच नाही. तानाजीकाका गल्ली सोडून गेलेच नव्हते. त्यांनी फोन केला.

"वहिनी, रस्ता कोरडा हाय! नळालाबी पाणी आलंय, धुण्याबिण्यासाठी दिवसभर सोडाल्यात. फकस्त दाब लई कमी हाय. कुठंतरी मोठी गळती हाय म्हणं. पाणी सोडणारा चार ठिकाणी खांदून बघालाय, घावंना झालीय."

"बघा म्हणावं नीट," मी म्हणाले. "लोकांना शिस्त नाही."

मी लगेच परत जाऊन घर उघडायला हवं होतं. आमचे हे तसं म्हणालेही. पण मला साक्षीदार हवे होते. कोरडं घर भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं, नाहीतर ते म्हणाले असते, मी आधी येऊन पुसून घेतलं. म्हणून मी त्यांना रविवारची वेळ दिली. तोवर दोन दिवस गेले.

रविवारी आम्ही घरासमोर उभे होतो, शेजारून तानाजीकाकाही आले होते. भाऊजींची गाडी आली, आणि त्यांच्यामागून पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ उतरले.

"हे कोण?" मी विचारलं.

"पावणं हायत. घर बघायला आल्यात."

"भाऊजी! पाणी नाही आलं तर विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं!"

"अवो वहिनी, पाणी आलं न्हाई म्हणून तर गिऱ्हाईक आलंय! महापुरात कोरडं राहिलेलं घर. आता जो दर येईल तो परत येणार न्हाई!"

एवढी मेहनत करून घर वाचवलं, ते ह्यांच्या गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून! पाहुणे पत्र्यावर टिचक्या मारत होते. "झकास काम हाय. ह्याच्यासकट देणार न्हवं?"

आत्ती कट्ट्यावर बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आत कोण हाय गं?"

"कोणी नाही, आत्ती."

"मग दार कोण वाजवालंय?"

आम्ही कान दिला. आतून, अगदी सावकाश, काहीतरी पत्र्याला येऊन लागत होतं. धप्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा धप्.

"मांजर असंल," भाऊजी म्हणाले.

"एवढं जड?" काका म्हणाले.

"उघडा," मी आमच्या ह्यांना म्हणाले. त्यांनी पाना लावला. पहिला नट सैल झाला आणि फटीतून पाण्याची एक बारीक, सरळ पिचकारी निघून पाहुण्यांच्या शर्टाच्या खिशावर लागली.

"हे काय?" पाहुणे म्हणाले.

"कारंजं हाय काय वो आत?" काका म्हणाले.

आणि त्याच क्षणी मला ती बादली दिसली. डोळ्यांसमोर. तिच्यावरचा नळही दिसला, पूर्ण सोडलेला. थेंब गळत नव्हता, कारण पाणीच नव्हतं!

"थांबा! पाना फिरवू नका!"

पण आमचे हे आयुष्यात प्रथमच मी न सांगता पाना फिरवत होते. दुसरा नट सुटला. तिसरा त्यांना सोडवावा लागला नाही.

पत्रा बाजूला झाला आणि आमचं घर गल्लीत आलं. पुढं मांडीभर पाणी, त्यात तांदूळ, चपला, उश्या, पिठाचा डबा आणि पत्र्याची बादली. पाहुणे उभ्याचे बसले. भाऊजी त्यांना धरायला गेले आणि तेही बसले. दोघं बसल्या-बसल्या उतारानं विजेच्या खांबापर्यंत गेले, म्हणजे महापूर जिथं थांबला होता बरोबर तिथपर्यंत. सगळ्यांत शेवटी तानाजीकाकांचा सोफा डुलत डुलत दारात आला आणि चौकटीत आडवा अडकला. काकांनी पाण्यात उतरून त्याच्यावर हात फिरवला.

"आतनं कोरडा हाय!" ते ओरडले. "बगा! काढा म्हणत हुतासा न्हवं पिलॅस्टिक?"

गल्लीच्या कोपऱ्यावर पाणी सोडणारा माणूस खणलेल्या खड्ड्यात उभा होता. त्यानं आपल्याकडं वाहत येणारं पाणी बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि फावडं खाली ठेवलं.

भाऊजी उठले. डोक्यावरचा तांदूळ झटकत ओरडले, "वहिनी! पाणी आलं! करार म्हंजे करार! इकायचं!"

"पुराचं कुठं आलं? हे नळाचं आहे. शिवाय आलं कुठं, गेलं!"

"पावणं, तुमी सांगा!"

पाहुणे एक बूट हातात धरून दुसरा शोधत होते. "नदीजवळचं घर म्हणून मी घेतलं असतं वो," ते म्हणाले. "पर हितं नदी घरातच हाय." आणि एका बुटावर निघून गेले.

ही गोष्ट त्यांनी पेठेत सांगितली, पेठेनं शहरात सांगितली. त्यानंतर आमचं घर बघायला पुष्कळ लोक आले, पण विकत घ्यायला एकही आला नाही. भाऊजींनी दिवाळीपर्यंत वाट बघितली आणि मग विषय सोडला. आत्ती दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या कट्ट्यावर पोतं टाकून बसल्या आणि लक्षुमीला हाक मारून दुधाची चौकशी केली. "सुनंनं घर राखलं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगतात. कसं राखलं ते विचारलं की मात्र त्यांना एवढं हसू येतं की पुढचं सांगता येत नाही.

बाबू मिस्त्री मात्र धन्य झाला. गिऱ्हाइकं घेऊन येतो आणि आमच्या पत्र्यापाशी उभा राहून सांगतो, "दोन दिवस आतनं मांडीभर पाणी! एक थेंब गळला न्हाई! इचारा वहिनीस्नी."

मी होय म्हणते. खरंच आहे ते.

आता दर जुलैला गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तानाजीकाकांचा मेसेज येतो. 'राधानगरीचे सातही दरवाजे बंद. आठव्याची माहिती वहिनींकडून घ्यावी.' त्याखाली चाळीसभर हसरे चेहरे. मी आधी उठून नळ बघून येते.