धोट्यापुरतं थांबणारी गाडी

माझ्या काकांना शेवटपर्यंत सायकल नीट चालवता आली नाही.

आणि ती चार चाकांची होती.

आज काकांना जाऊन वर्ष झालं.

काका विणकर. सगळं आयुष्य मागावर गेलं. काकीचे गुडघे गेले तेव्हा तिने तलावाच्या पाळीवरच्या मारुतीला जाणं सोडलं. मग भजन सोडलं. मग दारात बसणंही.

मी व्हीलचेअरचं नाव काढलं तर म्हणाली, "लोकायले तमाशा दाखवू का?"

तिच्यासाठीच मोबाईलवर काहीतरी शोधत होतो, तेव्हा एक जुनं चित्र सापडलं. चार चाकांची सायकल.

काकांना वाचून दाखवलं. आपली ही पायडलची दोनचाकी निघायच्या आधी युरोपात लोक चारचाकी सायकली बनवत होते. दोन चाकांवर माणूस पाय मारत तोल सांभाळेल, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. दोन पट्ट्या पायाने आळीपाळीने दाबायच्या, की चाक फिरायचं.

काकांनी चष्मा पुसला. फोटो मोठा करायला लावला.

"अबे बाबू, हा तं माग हाय! ह्या पाह्य पावड्या!"

मागाखाली विणकर पाय देतो, त्या पावड्या.

भंगारातल्या दोन सायकलींची चाकं आणली. करडी गावच्या वेल्डरकडून सांगाडा करून घेतला. पावड्या काकांच्या स्वतःच्या जुन्या मागाच्या. पुढे काकीची सीट, हँडल, ब्रेक. मागे काका.

काकी बसेना.

"लोक हासतीन."

काकांनी मला डोळा मारला. "बाबू, ते साहेबाचं सांग इले."

सांगितलं. त्याहूनही जुन्या गाड्यांत साहेब पुढे ऐटीत बसून गाडी वळवायचा, आणि मागे नोकर उभा राहून पावड्या दाबायचा.

काकीने पुढची सीट निरखली.

"म्हंजे पुढं बसते तो मालक?"

"हो, काकी."

"अन् हे?"

"मी तुया नोकर, वो. बस न आता!"

तेव्हा बसली. पदर नीट करून.

पण गाडी काही धड चालेना. एक झटका, थांबली. दुसरा झटका, थांबली. आम्ही नट आवळले, तेल दिलं. दोष कुठेच नाही.

शेवटी काकीनेच ओळखलं. मान न वळवता ओरडली, "अवो, इथं धोटा नाही जी! कायले थांबून राहिले?"

मागावर पावडी दाबली की पाय थांबतो. मग धोटा फेकायचा, त्यातला आडवा धागा या काठावरून त्या काठावर जातो, आणि मग दुसरी पावडी.

काकांचा पाय जन्मभर धोट्यासाठी थांबत आला होता. सायकलवरही थांबायचा.

सारं गाव हसलं. काकी सगळ्यात जास्त.

"नोकर कामचोर भेटला मले," देवळातल्या बायांना दर शनिवारी सांगायची.

काका गेले. गाडी पडवीत उभी राहिली, वर पोतं टाकून.

काकी पुन्हा आत. भजनाच्या बाया घरी येऊन गेल्या, तरी उंबरठा ओलांडला नाही. जेवण अर्धं राहू लागलं.

मी मारुतीसमोर वर्षभर एकच मागणं मागितलं. काकांसाठी नाही, ते त्याच्याजवळच आहेत. हिला बाहेर येऊ दे.

आज सकाळी वर्षश्राद्ध झालं. पान ठेवलं. आणि काकी भिंत धरत धरत पडवीत आली.

पोतं तिनेच ओढलं. पुढे बसली.

"चाल बाबू. मारुतीले जाऊ."

मी मागे बसलो. पावड्या भराभर दाबल्या. गाडी सरसर निघाली.

वळणावर तिने ब्रेक दाबला. वाटलं, परत फिरते.

"अशी नोको चालवू."

"मंग कशी, काकी?"

"जरासं थांबत चाल. धोट्यापुरतं."

देवळापर्यंत आम्ही झटके खात गेलो. लोक पाहत होते. काकी पुढे ताठ.

देवळात बसल्या बसल्या तिने टाळ मागितले.

माझा जीव भांड्यात पडला.

काका, तुमची मालकीण देवळात सुखरूप पोचली. आता पायाला विसावा द्या.

तुमच्या जागेवर बसून, तुम्हाला मनापासून नमस्कार.