न मोजलेली बाटली

भावाच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तो सोलापुरात मिलमध्ये मागावर होता. आतड्याला पीळ पडला होता. वहिनी तान्ह्या पोराला घेऊन घरी, म्हणून वॉर्डात त्याच्यापाशी मी.

त्याच्या नाकातून पोटात नळी घातलेली. तिच्यातून हिरवं-काळं पाणी खाटेखालच्या बाटलीत उतरायचं. बाटली भरली की ते मापाच्या भांड्यात ओतायचं, आकडा खाटेच्या कागदावर लिहायचा, मग मोरीत टाकायचं. सिस्टरनं हे काम मला लावलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, "हे नुसतं पाणी नाही. अंगातलं मीठ जातंय याच्यातून. जेवढं जाईल तेवढं सलाईनमधून भरून द्यायचं. म्हणून मोजायचं."

पहिल्या दिवशी मोजलं. वास सहन होईना. एक शिंतोडा मनगटावर उडाला, तो साबणानं तीनदा धुतला. दुसऱ्या दिवसापासून नाकाला पंचा लावून, तोंड फिरवून बाटली सरळ मोरीत उपडी करू लागलो आणि कागदावर रोज पहिल्या दिवसाचाच आकडा, तीनशे मिली, लिहू लागलो. बाटल्या वाढल्या, तरी तीनशेच.

"मोजलंस का रं?" भाऊ विचारायचा.

"व्हय की."

"लई वास मारतंय न्हवं?" तोच ओशाळायचा.

चौथ्या दिवशी तो बरळू लागला. मला मुकादम समजून सुट्टी मागू लागला. रक्त तपासायला गेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले.

"रक्तातलं सोडियम फार उतरलंय. मीठच ते. पोटाच्या ऑपरेशननंतर असं झालं की पेशंट हातचा जातो. पण एवढं गेलं कुठून? इथं तर तीनशेच लिहिलंय. मोजलंत ना तुम्ही?"

सिस्टर माझ्याकडे बघत होती.

"मोजलं, साहेब."

दुपारी झटके आले. दिवस मावळायच्या आत तो गेला.

खरं सांगितलं असतं तर वाचला असता की नाही, ठाऊक नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो जिवंत होता, एवढं ठाऊक आहे.

"आमच्या भाऊजींनी भावाची घाण सोताच्या हातानं काढली," वहिनी तेव्हापासून येईल त्याला सांगते. आता त्या तान्ह्या पोराचं लग्न झालं, तर मांडवात नव्या सुनेलाही तिनं तेच सांगितलं. "पड की त्यांच्या पाया!"

पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. आशीर्वाद दिला, तीनशे लिहिणारा तोच हात तिच्या डोक्यावर ठेवून.