अक्षरावरचा फेटा

सातारा-सांगली पट्ट्यात घासाघाशीत मला हरवणारा माणूस एकच, आणि तो हरवतो केसभर जागेवरून. रहिमतपूरचे आमचे गणिताचे सर. साताऱ्याच्या दोन टायपिंगवाल्यांनी हात जोडल्यावर ते पुस्तकाचं बाड घेऊन सांगलीला माझ्या टायपिंग-छपाईच्या दुकानात आले. "डोळं चाललेत रं माझं," म्हणाले. "दिसतंय तवर माझं पुस्तक बघायचं हाय."

त्यांच्या गणितात काही अक्षरांच्या डोक्यावर बारीक छप्पर असतं. बाकीचे त्याला टोपी म्हणतात, सर फेटा म्हणतात. साध्या मजकुरात असली अक्षरं मुकाट उमटतात. तीच सूत्रात घातली की संगणक फेटा गिळतो आणि अक्षर बोडकं बाहेर येतं. मग प्रत्येकाला वेगळी आज्ञा देऊन फेटा बांधायचा. सूत्रातली अक्षरं मुळात तिरकी, त्यामुळे बांधलेला फेटाही एका बाजूला कलतो. सर भिंग लावायचे. "अर्धा केस उजवीकडं सरकीव."

"आवं सर, मधोमध हाय. माझ्यावर विश्वास ठेवा की."

"ठेवतो की. आदी बघू दे."

मला राग यायचा तो याचाच, आणि अजून येतो. शून्यातून धंदा उभा केलेला माणूस मी. गिऱ्हाईक माझ्या शब्दावर माल उचलतं. एकदा चिडून मी संगणकच बंद केला. सरांनी शांतपणे गावाहून आणलेली घेवड्याची पिशवी उचलली, दुकानामागच्या घरात जाऊन माझ्या बायकोला दिली. "सूनबाई, मालकास्नी च्या द्या जरा. त्यांचं डोस्कं बी कललंय." तेव्हापासून ती त्यांच्या बाजूची. माझ्या पुतण्याच्या लग्नात तर मंगलाष्टका चालू असताना सरांनी पुढं होऊन नवरदेवाचा फेटा सरळ केला. भटजी थांबले. सरांनी मागं सरकून पाहिलं, मान हलवली, मगच अक्षता पडल्या.

पुस्तकाची सगळी प्रकरणं त्यांनी भिंगातून पाहिली, शेवटचं सोडून. ते गेल्या आठवड्यात टाइप करून झालं. सर लेकीचा हात धरून आले. भिंग खिशातून निघालंच नाही. पडद्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "फेटं बसलं का रं नीट?"

"बसले, सर."

"मग लाव छापायला."

मी भांडायच्या तयारीत होतो. ज्या विश्वासासाठी इतका भांडलो तो असा आयता हातात पडला, आणि मला तो धरवेना.

ते दारापर्यंत गेले तेव्हा मी पान मोठं करून पाहिलं. शेवटच्या सूत्रातला एक फेटा डावीकडं कलला होता. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

"सर, थांबा. एक राहिलाय."

ते लगबगीनं परत वळले. खुर्ची चाचपून बसले. चेहरा पहिल्यासारखा भांडखोर झाला होता.

"किती?"

"अर्धा केस."

"उजवीकडं?"

"उजवीकडं."

"तरी म्हटलं. सरकीव, म्या बसतो हितं."

मी सरकवू लागलो, जमेल तितकं सावकाश.